पंच्याहत्तर टक्क्यांच्या अटीचा हिशेब द्या

प्रति,
केंद्रीय शिक्षण मंत्रालय, तसेच आयआयटी, एनआयटी आणि ट्रिपल आयटीच्या प्रवेशाचे नियम ठरवणारे सर्व संबंधित

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार. मी महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. बारावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासते, प्रात्यक्षिक परीक्षांना दुसऱ्या कॉलेजांत परीक्षक म्हणून जाते. जेईईचा, म्हणजे अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेचा, क्लास मी चालवत नाही आणि कुठल्या क्लासशी माझा काडीचा संबंध नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण प्रवेशासाठी बारावीला ७५ टक्के हवेत या अटीविरुद्ध कोणी तोंड उघडले की 'क्लासवाल्यांची वकिली' असा शिक्का लगेच बसतो. ज्या बोर्डाच्या गुणांवर तुम्ही ही अट उभी केली आहे, ते गुण देणाऱ्या हजारो हातांपैकी एक हात माझा आहे. ते कसे दिले जातात हे मला जवळून ठाऊक आहे. म्हणूनच त्यांच्या डोक्यावर एवढे ओझे दिलेले मला पाहवत नाही.

पत्र उघड लिहिते आहे, तेव्हा ज्यांच्या घरात सध्या कोणी अकरावी-बारावीला नाही त्यांच्यासाठी नियम थोडक्यात सांगते. एनआयटी आणि ट्रिपल आयटी या राष्ट्रीय अभियांत्रिकी संस्थांत प्रवेश मिळतो जेईई मेनच्या रँकवर, आयआयटीत त्यापुढच्या ॲडव्हान्स्ड परीक्षेच्या. पण नुसता रँक पुरत नाही. बारावीला पाच विषयांत मिळून ७५ टक्के हवेत; अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ६५. तेवढे नसतील, तर आपल्या बोर्डात, आपल्या प्रवर्गातल्या उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे गुणांनी वरच्या वीस टक्क्यांत, असायला हवे. पाच विषय म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, एक भाषा आणि आणखी कोणताही एक. ५०० पैकी ३७५. मेनच्या परीक्षेला बसताना ही अट आड येत नाही. ती येते प्रवेशाच्या वेळी, सगळे होऊन गेल्यावर.

आता आमच्या एका विद्यार्थ्याची गुणपत्रिका बघा. नाव सांगत नाही. त्याला आणि त्याच्या घरच्यांना याच गावात राहायचे आहे. भौतिकशास्त्र ७०, रसायन ६६, गणित ८२, इंग्रजी ५४, जीवशास्त्र ६२. बेरीज ३३४, म्हणजे ६६.८ टक्के. जेईई मेनला याच मुलाला ९८ च्या वर पर्सेंटाइल. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीपासून सगळे विज्ञान इंग्रजीत. अट एक-दोन गुणांनी हुकली असे अजिबात नाही, चांगली ४१ गुणांनी हुकली, हे मुद्दाम नोंदवते. मी दोन-चार गुणांची भीक मागायला हे पत्र लिहीत नाही. वरच्या २० पर्सेंटाइलमध्येही तो बसला नाही. मागच्या वर्षीचे क्लोजिंग रँक, म्हणजे शेवटची जागा ज्या रँकला मिळाली ते, समोर ठेवले तर त्याला एनआयटीत इलेक्ट्रिकलची जागा सहज दिसत होती. स्पर्धेत हरला असता तर आम्ही दोघांनी निमूट मान्य केले असते. त्याला स्पर्धेत धरलेच नाही.

सगळे म्हणतात, मग बोर्डाचा अभ्यास करायला काय झाले होते? प्रश्न रास्त आहे. त्यालाही हाच प्रश्न वर्षभर आम्ही विचारत होतो. पण अभ्यास का केला नाही हा एक प्रश्न, आणि अभियांत्रिकी शिकायला तो लायक आहे की नाही हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवायचे तर त्याला काहीतरी आधार हवा. तो आधार मी शोधला. मला सापडला नाही. तुमच्याकडे असेल तर दाखवा, एवढेच या पत्राचे म्हणणे आहे. बाकीच्या तक्रारी त्याच्या अनुषंगाने.

पहिली तक्रार. हीच गुणपत्रिका घेऊन हा मुलगा राज्याच्या सीईटीच्या दारात गेला, तिथे त्याला कोणी अडवले नाही. अभियांत्रिकीला तिथे पीसीएममध्ये (भौतिकशास्त्र, रसायन, गणित मिळून) ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ४०. त्याला पीसीएममध्ये ३०० पैकी २१८ आहेत. आज तो एका सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो आहे. बरे, तो नीटला, वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेला, बसला असता तर? एमबीबीएसला खुल्या प्रवर्गात भौतिकशास्त्र, रसायन आणि जीवशास्त्र मिळून ५० टक्के पुरतात. त्याला ६६ आहेत. म्हणजे तुमच्याच देशाच्या नियमाप्रमाणे या मुलाने माणसाच्या पोटावर सुरी चालवायला शिकणे चालते, ट्रान्सफॉर्मर शिकणे चालत नाही. डॉक्टर होण्यासाठी बारावीचे ५० टक्के पुरेसे असतील आणि इंजिनियर होण्यासाठी ७५ लागत असतील, तर यातला एक आकडा कोणीतरी विचार न करता ठरवला आहे. कोणता, ते तुम्ही सांगा.

दुसरी तक्रार बेरजेची. ५०० पैकी २०० गुण भौतिकशास्त्र-रसायन-गणिताच्या बाहेरचे आहेत. भाषा यावी, याबद्दल माझे काहीच दुमत नाही. इंजिनियरला दोन वाक्ये धड लिहिता आली पाहिजेत, आणि आजकाल ती येत नाहीत हेही खरे. पण २०२१ पासून तुम्ही जेईई मेन मराठीसह तेरा भाषांत घेऊ लागलात. का? मुलाला विषय येतो की नाही ते बघायचे, त्याचे इंग्रजी बघायचे नाही, म्हणूनच ना? मग तोच मुलगा प्रवेशाला उभा राहिला की त्याचे इंग्रजीचे ५४ गुण त्याच्या गणिताच्या ८२ ना खाली ओढतात, ही कुठली रीत? एका हाताने मराठीतून परीक्षा घ्यायची आणि दुसऱ्या हाताने इंग्रजीच्या पेपरातून वसुली करायची. भाषेची किमान पातळी हवी असेल तर उत्तीर्ण होण्याची अट आहेच, ती पुरे.

तिसऱ्या तक्रारीवर थोडा वेळ घेते, कारण हा माझा रोजचा मामला आहे.

आमच्या राज्य मंडळात भौतिकशास्त्राचा लेखी पेपर ७० गुणांचा, प्रात्यक्षिक ३० चे. रसायनाचेही तसेच. गणित आणि इंग्रजीला ८० लेखी, २० अंतर्गत. प्रात्यक्षिकाच्या ३० गुणांत जर्नल आले, तोंडी आली, प्रयोग आला. आता ज्याने कधी प्रात्यक्षिक परीक्षा घेतली आहे त्याला विचारा की ३० पैकी किती देण्याचा रिवाज आहे. मुलांचे नुकसान नको म्हणून बहुतेक ठिकाणी हात सैल असतो. काही ठिकाणी तो इतका सैल असतो की मूल प्रयोगशाळेत किती वेळा आले होते हे विचारायची सोय नसते. आणि काही ठिकाणी अजून जुन्या वळणाचे शिक्षक आहेत, जे आकडा खरा आल्याशिवाय गुण देत नाहीत. त्यांच्या विद्यार्थ्यांचे ३० पैकी २१ येतात. तीन विषयांत मिळून पंधरा-वीस गुणांचा फरक इथेच पडतो. मुलाच्या हुशारीचा त्याच्याशी काही संबंध नाही. कुठल्या कॉलेजात नाव घातले एवढाच प्रश्न असतो.

लेखी पेपराचे म्हणाल तर तिथे आमचे काम चोख असते, निदान तसा प्रयत्न असतो. आदर्श उत्तरपत्रिका येते, तिच्यात पायरीपायरीचे गुण ठरलेले असतात. सूत्र लिहिले, अर्धा गुण. किमती घातल्या, अर्धा. उत्तर आणि एकक, एक. व्याख्या पुस्तकातल्या शब्दांत हवी. आकृतीला नावे हवीत. सिद्धता मागितली की सुरुवातीची गृहीतके लिहिलेली हवीत. जेईईचा सराव केलेले पोर यातल्या तीन पायऱ्या डोक्यात करते, चौथी कागदावर लिहिते आणि उत्तर बरोबर आणते. त्याला पूर्ण गुण द्यायची माझी कितीही इच्छा असली तरी समोरच्या तक्त्यात ते बसत नाही. मॉडरेटर विचारतो, मधल्या पायऱ्या कुठे आहेत?

याचा अर्थ बोर्डाची पद्धत वाईट असा मुळीच नाही. उलट, नीट मांडून लिहिता येणे ही मोठी गोष्ट आहे, आणि आमच्या पोरांना मी त्यासाठी रोज बोलते. बोर्ड एक गोष्ट मोजते, जेईई दुसरी. पुस्तक नेमाने वाचले का, वेळेवर जर्नल पुरे केले का, सांगितले ते सांगितल्यासारखे लिहिले का, हे बोर्डाच्या गुणांतून कळते. अनोळखी प्रश्न समोर आला तर मूल काय करते, हे जेईईतून कळते. दोन्ही कळून घ्यायचे असेल तर दोन्हींचा मेळ घालायला हवा होता. तुम्ही मेळ घातला नाहीत, फाटक बसवलेत. ३७५ गुण असलेला आत, ३७४ वाला बाहेर, मग त्या ३७४ वाल्याचा जेईईचा रँक काहीही असो. कोणताही शिक्षक तुम्हाला सांगेल की दोन परीक्षकांत एकाच उत्तरपत्रिकेला चार-पाच गुणांचा फरक पडतो. खुद्द आमच्या मंडळाने गुणपडताळणी, छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकनाची सोय ठेवली आहे ती याचसाठी. एवढ्या हलत्या आकड्यावर तुम्ही एवढी ताठ रेघ मारली आहे.

मेळ घालायचा प्रयत्न झाला नव्हता असे नाही. २०१३ ते २०१६ या चार वर्षांत मेनच्या गुणवत्ता यादीत बारावीला ४० टक्के वजन होते. निरनिराळ्या बोर्डांचे गुण एका पातळीवर आणताना जी गुंतागुंत झाली ती आठवली की आजही डोके धरते, आणि ती पद्धत गेली तेव्हा मला वाईट वाटले नाही. महाराष्ट्राने तर २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशांना निम्मे वजन मेनला आणि निम्मे बारावीला देऊन पाहिले, आणि २०१६ ला पुन्हा सीईटीवर आला. पण तेव्हा एक बरे होते. बारावीत कमी पडलेला मुलगा यादीत खाली जायचा, यादीबाहेर जात नव्हता.

चौथी तक्रार नियमांच्या धरसोडीची. पूर्वी आयआयटीला बारावीत ६० टक्के चालायचे. मग वरचे २० पर्सेंटाइल आले. मेनला ४० टक्के वजन आले, गेले. २०१७ पासून ७५ टक्के आले. २०२० मध्ये महामारीमुळे अट उठवली, २०२१ ला उठलेलीच राहिली, २०२२ लाही. डिसेंबर २०२२ मध्ये माहितीपत्रक निघाले, त्यात अट परत. परीक्षा जानेवारीत. त्यावर ओरड झाल्यावर एनआयटीसाठी वरच्या २० पर्सेंटाइलची पळवाट जोडली गेली, तीही ऐन परीक्षेच्या तोंडावर. ज्यांनी अट नसलेल्या वर्षी बारावी दिली, आणि मग ड्रॉप घेऊन पुन्हा मेनची तयारी चालवली, त्यांनी काय करायचे होते? त्यांची बारावी होऊन गेली होती. त्यातले कित्येक २०२१ चे, ज्यांनी बारावीची लेखी परीक्षा दिलीच नाही. आमच्या मंडळाने त्या वर्षी दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीचे ४० टक्के धरून गुण लावले आणि निकाल लागला ९९.६३ टक्के. ते गुण लावायला मीही बसले होते. आम्ही प्रामाणिकपणे लावले, पण ती परीक्षा नव्हती, एवढे मी छातीठोक सांगते. त्या आकड्यांवर नंतर कोणाचा प्रवेश अडेल असे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

वरच्या २० पर्सेंटाइलबद्दल एवढेच म्हणते की तो आकडा निकाल लागल्याशिवाय ठरत नाही, त्या वर्षी त्या बोर्डात बाकीच्यांनी काय केले त्यावर ठरतो, आणि मूल आधीपासून त्याची काहीच तयारी करू शकत नाही.

आता तुमचे म्हणणे. मला ते ठाऊक आहे आणि त्यात तथ्य आहे. मुलांनी शाळा-कॉलेज वाऱ्यावर सोडू नये, सगळा वेळ क्लासमध्ये घालवू नये, बारावीला काही किंमत राहावी, म्हणून ही अट. कॉलेजातली शिक्षिका म्हणून मला तर हे ऐकून आनंदच व्हायला हवा. माझ्या वर्गातल्या रिकाम्या बाकांचा विचार कोणीतरी दिल्लीत बसून करते आहे! पण बाके भरली का? तुम्ही अट लावून इतकी वर्षे झाली. या काळात डमी ॲडमिशन (नाव कॉलेजात, मूल क्लासमध्ये) वाढल्या की घटल्या, हे कुठल्याही जिल्ह्याच्या गावी जाऊन विचारा. लातूरपासून कोट्यापर्यंत सगळ्यांना उत्तर माहीत आहे. 'टाय-अप' आणि 'इंटिग्रेटेड' हे क्लास आणि कॉलेज यांच्या साट्यालोट्याचे शब्द आता पालक फीच्या गप्पांत इतक्या सहज वापरतात की ते बेकायदा काही बोलत आहेत असे त्यांना वाटतही नाही.

आणि ते स्वाभाविक आहे, कारण तुमची अट हजेरी मोजत नाही, गुण मोजते. ज्या पालकाकडे पैसे आहेत तो नुसत्या नावापुरते कॉलेज शोधतो, तिथे प्रात्यक्षिकांचे गुण ठरलेले असतात, क्लासवाले डिसेंबरात 'बोर्ड बॅच' लावतात, पाठ करायची उत्तरे हातात देतात, आणि ७५ टक्के होऊन जातात. अट पाळली गेली. अडकतो कोण? जो रोज एसटीने खरोखर कॉलेजात येतो, ज्याला बोर्ड बॅच परवडत नाही, ज्याच्या प्रात्यक्षिकाला माझ्यासारखी कोणीतरी २२ गुण देते. ज्या मुलासाठी म्हणून तुम्ही हा नियम केला, नेमका तोच त्यात सापडतो.

वेळापत्रकाकडेही एकदा बघा. २०२५ चे उदाहरण देते. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मेनचे पहिले सत्र. त्याच सुमारास प्रात्यक्षिके. ११ फेब्रुवारीला बारावीची लेखी सुरू, ती मार्चच्या मध्यापर्यंत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मेनचे दुसरे सत्र. मग राज्याची सीईटी. १८ मेला ॲडव्हान्स्ड. सतरा-अठरा वर्षांच्या पोराने यातले काय सोडायचे? आणि बारावीत कमी पडले म्हणून जूनच्या अखेरीस पुरवणी परीक्षेला श्रेणीसुधारसाठी बसायचे म्हटले, तर तिचा निकाल येईपर्यंत तुमच्या जागावाटपाच्या फेऱ्या उरकलेल्या असतात. म्हणजे दुरुस्ती करायची तर अख्खे वर्ष घालवायचे, आणि त्या वर्षी बारावी आणि मेन दोन्हींची तयारी पुन्हा करायची.

इथवर जे लिहिले त्यातल्या प्रत्येक गोष्टीवर वाद घालता येईल. मी म्हणेन अट चुकीची, तुम्ही म्हणाल बरोबर, आणि आपण दोघेही आपापल्या अनुभवातून बोलत राहू. पण या वादाचा निकाल लावणारी एक गोष्ट तुमच्या कपाटात पडून आहे, आणि हे पत्र मुळात तिच्यासाठीच आहे.

२०२०, २०२१, २०२२. सलग तीन वर्षे अट नव्हती. या तीन तुकड्या देशातल्या २३ आयआयटींत, ३१ एनआयटींत आणि सगळ्या ट्रिपल आयटींत शिकायला गेल्या. त्यांत बारावीला ७५ पेक्षा कमी असलेली मुलेही होती, जी एरवी आत आलीच नसती. त्यांच्या बारावीच्या गुणपत्रिका तुमच्या संस्थांनी तपासून ठेवल्या आहेत. त्यांचा प्रत्येक सत्राचा सीजीपीए (गुणांची सरासरी), राहिलेले विषय, सोडून गेलेल्यांची नोंद, सगळे त्याच संस्थांकडे आहे. २०२० ची तुकडी चार वर्षांचा अभ्यासक्रम संपवून २०२४ मध्ये बाहेर पडली, त्यामागची २०२५ मध्ये. असा प्रयोग मुद्दाम करायचा म्हटला असता तर कोणी परवानगी दिली नसती. परिस्थितीने तो करून ठेवला. आम्ही प्रयोगशाळेत मुलांना सांगतो की अनुमान लिहिण्याआधी निरीक्षणाचा तक्ता भरा. तुमचा तक्ता भरलेला आहे, आणि तो कोणी उघडून जाहीरपणे वाचलेला माझ्या पाहण्यात नाही. अनुमान मात्र २०२३ मध्येच लिहून झाले, पहिली तुकडी अजून तिसऱ्या वर्षात होती तेव्हा.

काय निघेल त्यातून? कदाचित असे निघेल की ७५ च्या खालची मुले पहिल्याच वर्षी गळली, त्यांचे विषय राहिले, ती टिकली नाहीत. तसे असेल तर ही अट योग्य आहे असे मी याच जागी जाहीर लिहीन, आणि माझ्या वर्गात ते आकडे फळ्यावर लिहून पोरांना दाखवीन. त्याहून चांगला उपदेश मला करता येणार नाही. कदाचित असे निघेल की रँक सारखा असताना बारावीच्या गुणांनी काडीचाही फरक पडला नाही. मग ही अट कशासाठी? किंवा मधलेच काही निघेल: ६० च्या खाली फरक पडतो, वर पडत नाही, नाही तर पीसीएमच्या गुणांनी पडतो, भाषेच्या नाही. तेव्हा रेघ कुठे मारायची ते निदान डोळे उघडे ठेवून ठरवता येईल. आज ७५ हा आकडा कुठून आला, हे मला कोणीही सांगू शकलेले नाही. ७२ का नाही? ८० का नाही?

२०२३ मध्ये ही अट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. शिक्षणाच्या बाबी त्यातल्या जाणकारांनी ठरवाव्यात, अशी ती भूमिका होती. मला ती पटते. कोर्टाने टक्के ठरवू नयेत. पण मग जाणकारांनी ते जाणून ठरवावेत, एवढी अपेक्षा धरायला हरकत नसावी.

याच तुमच्या व्यवस्थेत एका आयआयटीने, मद्रासच्या, २०२० पासून डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी सुरू केली. तिला जेईई लागत नाही. बारावी झालेल्याला आधी काही आठवडे शिकवतात, मग पात्रता परीक्षा घेतात, आणि जो ती पार करतो तो आत येतो. आधी शिकवून, मग बघून घेण्याची ही रीत मला फार आवडली. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्थाही संख्याशास्त्राच्या पदवीला (बी.स्टॅट.) आपली वेगळी प्रवेश परीक्षा घेऊन मुले निवडते, आणि तिथून बाहेर पडलेल्यांच्या गणिताबद्दल कोणी शंका घेतल्याचे मी ऐकलेले नाही. सांगायचे एवढेच की बारावीच्या टक्क्यांना फाटक न करताही मोठ्या संस्था चालतात, या देशातच चालतात.

तेव्हा मागण्या, साध्या शब्दांत.

२०२०, २०२१ आणि २०२२ या तीन वर्षांच्या तुकड्यांची आकडेवारी जाहीर करा. नावे नकोत, संस्थांची नावेही नकोत. बारावीचे टक्के, जेईईचा रँक, सीजीपीए, राहिलेले विषय, अर्धवट सोडलेल्यांचे प्रमाण, एवढे रकाने पुरेत. त्यावर बाहेरच्या अभ्यासकांना काम करू द्या.

ते होईपर्यंत ७५ टक्क्यांची अट स्थगित ठेवा आणि तिच्या जागी नीटसारखी किमान पात्रता आणा: भौतिकशास्त्र, रसायन आणि गणितात मिळून ५० टक्के, राखीव प्रवर्गांना प्रचलित सवलतीसह, आणि बाकीच्या विषयांत उत्तीर्ण. जेईईच्या रँकवर तुमचा विश्वास असेल तर एवढे पुरेसे आहे. नसेल, तर दुखणे परीक्षेत आहे, तिथे औषध करा.

पुढे कधी ही अट बदलायची, वाढवायची किंवा परत आणायची झाली, तर ती त्या वर्षी अकरावीत प्रवेश घेणाऱ्या मुलांपासून लागू करा. खेळ सुरू झाल्यावर मैदानाची रेघ हलवू नका. वरच्या २० पर्सेंटाइलचा मार्ग ठेवणार असाल, तर त्या वर्षीचा आकडा पसंतीक्रम भरण्याआधी सर्व बोर्डांसाठी जाहीर झालाच पाहिजे.

जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेतले सुधारित गुण त्याच वर्षीच्या शेवटच्या फेरीत धरता येतील असे वेळापत्रक राज्य मंडळांशी बोलून आखा. दरवर्षी या संस्थांत जागा रिकाम्या राहतात आणि त्यांसाठी वेगळ्या फेऱ्या घ्याव्या लागतात. त्या फेऱ्यांत ही मुले बसतील.

आणि डमी कॉलेजे बंद करायची असतील तर ती कॉलेजे बंद करा. हजेरी तपासा, मान्यता काढा, टाय-अप करणाऱ्यांवर कारवाई करा. ते काम सरकारचे आहे. पोराच्या गुणपत्रिकेकडून ते करून घेऊ नका.

आमचा तो विद्यार्थी ठीक आहे, त्याची काळजी नसावी. त्याला एनआयटी आता नको आहे आणि त्याच्यासाठी मी काही मागतही नाही. या वर्षी माझ्या बारावीच्या वर्गात तसे आणखी दोघे-तिघे आहेत. गणितात बिनतोड, इंग्रजीत रडतखडत, जर्नल कायम अपुरे. त्यांना मी रोज ओरडते आहे की ३७५ झाले पाहिजेत. का झाले पाहिजेत असे त्यांनी विचारले, तर मला 'नियम आहे' यापलीकडे उत्तर देता येत नाही. ते उत्तर तुमच्याकडून हवे आहे. इंग्रजीत आले तरी चालेल. सोबत आकडे असू द्या.

आपली नम्र,
कनिष्ठ महाविद्यालयातील भौतिकशास्त्राची एक शिक्षिका